मांजराचे पाकीट आणि घरचा हिशेब

मांजर कुठे नाही? कोकणात मासळीच्या टोपलीपाशी मांजर. देशावर धान्याच्या पोत्यांपाशी मांजर. शहरात चाळीच्या जिन्यात मांजर. ते उंदीर मारते म्हणून आपण त्याला ठेवून घेतो. मग ते पायाशी अंग घासते, आणि आपला जीव त्याच्यात गुंततो. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. आणि त्या मावशीच्या पुढ्यात ठेवतो काय? तर दूधभात! इथेच आपले पहिले चुकते.

आता दुकानांत मांजराच्या खाण्याची तयार पाकिटे मिळतात. काहींत कोरडे दाणे असतात. काहींत रश्शातले मांस किंवा मासे असतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण 'ओले खाणे' म्हणू. मांजर ते आवडीने खाते. पण आपल्या खिशाला ते जड जाते. मग घ्यावे की न घ्यावे? घेतले तर कोणते, आणि किती? ते आपण आज नीट समजून घेऊ.

पाकीट वर्गात आले

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक मावशी येतात. चार घरी स्वयंपाक करतात. त्यांतल्या एका घरची मंडळी गाव सोडून गेली, आणि जाताना आपली मांजरी मावशींना देऊन गेली. मांजरीचे नाव मनी. मनीला लहानपणापासून पाकिटातल्या खाण्याची सवय. मावशींनी तिला दूधभात दिला. मनीने तो हुंगला, थोडा चाटला आणि तोंड फिरवले.

मावशींनी दुकानातले सर्वांत स्वस्त पाकीट आणले. तीस रुपयांचे. सकाळी एक, संध्याकाळी एक. म्हणजे रोजचे साठ रुपये. महिन्याचे अठराशे! आणि इतके करूनही मनी वाळत चालली. बरगड्या हाताला लागू लागल्या. अंगावरचे केस राठ झाले.

एक दिवस मावशी ते पाकीटच घेऊन वर्गात आल्या. म्हणाल्या, "ताई, आमचे मालक म्हणतात, मांजराला मासळी बाजारात सोडून ये. अठराशे रुपयांत पोराची शिकवणी होते. त्यांचेही खोटे नाही हो. पण ही सोडवत नाही. यावर काय लिहिलेय ते तरी वाचून सांगा."

आम्ही म्हटले, "मावशी, आम्ही कशाला? आपण सगळे मिळून वाचू."

आणि त्या दिवशीचा धडा पुस्तकातला झाला नाही. पाकिटावरचा झाला.

मांजराला काय लागते?

पाकीट वाचण्याआधी मांजराचे पोट समजून घेतले पाहिजे. माणूस भात-भाजीवर जगतो. कुत्राही भाकरीवर बरेच दिवस काढतो. मांजराचे तसे नाही. मांजर हे अस्सल मांसाहारी जनावर आहे. त्याच्या शरीराला काही सत्त्वे लागतात, ती मांस-मासळीतूनच मिळतात. गाजरातल्या रंगापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयारच मिळावे लागते.

असेच एक सत्त्व आहे टॉरीन. ते मांसात आणि मासळीत असते. भातात, भाकरीत नसते. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. टॉरीन कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब होतो. हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे १९८७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत, पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. काही मांजरांचे हृदय फुगून दुबळे होत होते. ही मांजरे उकिरड्यावरची नव्हती. विकतचे खाणे खाणारी होती. त्यांच्या रक्तात टॉरीन फार कमी होते. वेळेवर टॉरीन दिले, तेव्हा अनेकांची हृदये सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातले टॉरीन वाढवले.

यावरून काय घ्यायचे? पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे. मांजर मिटक्या मारीत खाते, म्हणून ते खाणे पुरेसे आहे असे नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या घरच्या मांजराचे पूर्वज कोरड्या, रेताड मुलखातले. शिकारीच्या मांसातूनच त्यांना पाणी मिळे. उंदराच्या अंगातही दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. म्हणून मांजराला तहान कमी लागते. वाटीतले पाणी ते थोडेच पिते. कोरड्या दाण्यांत शंभरात आठ-दहा भाग पाणी. ओल्या खाण्यात शंभरात पाऊणशे ते पंच्याऐंशी भाग, कधी त्याहूनही जास्त. ओले खाणारे मांजर एकंदरीत जास्त पाणी घेते. लघवी पातळ राहते. ज्या मांजरांना मूत्रमार्गाचा त्रास आहे, त्यांना याचा फायदा होतो. ओल्या खाण्याचा मोठा गुण तो हा.

दोन सारखे शब्द

आता पाकीट वाचू. बहुतेक पाकिटांवरची अक्षरे इंग्रजी असतात. घाबरू नका. सगळे वाचायला नको. एकच शब्द आधी शोधायचा.

एक शब्द आहे 'कम्प्लीट'. म्हणजे पूर्ण. हे खाणे एकट्यावर दिले तरी मांजराचे पोषण होईल, असा त्याचा अर्थ. दुसरा शब्द आहे 'कॉम्प्लिमेंटरी'. म्हणजे पूरक. हे नुसते तोंडी लावणे. आपण जेवणात लोणचे घेतो ना? तसे. लोणच्यावर कुणी महिना काढील का?

आता गंमत बघा. इंग्रजीत या दोन शब्दांची पहिली सहा अक्षरे अगदी एकसारखी आहेत: सी, ओ, एम, पी, एल, ई. फरक पडतो तो सातव्या अक्षराला. सातवे अक्षर 'टी' असेल तर पूर्ण. सातवे अक्षर 'एम' असेल तर पूरक. काही पाकिटांवर पूरक खाण्याला 'ट्रीट' किंवा 'सप्लिमेंटल' असेही लिहितात.

आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. मावशींनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले. सातव्या अक्षरापाशी बोट थांबले. "एम!" त्या म्हणाल्या. "अगं बाई! म्हणजे महिनाभर मी तिला लोणचेच चारले की!"

तेव्हा पहिला नियम हा. रोजच्या जेवणासाठी घ्यायचे पाकीट 'पूर्ण' असले पाहिजे. तसे नसेल तर ते कितीही स्वस्त असो, रोजच्या जेवणाला नको. पिल्लासाठी असेल तर त्यावर 'किटन' हा शब्द आहे का, तेही पाहावे. वाढत्या पिल्लाला मोठ्या मांजराहून सकस खाणे लागते. कुत्र्याचे खाणे स्वस्त पडते म्हणून मांजराला देऊ नये. कुत्र्याचे शरीर टॉरीन स्वतः बनवते, म्हणून त्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतके असेलच असे नाही.

महाग म्हणजे चांगले का?

मग तुम्ही म्हणाल, स्वस्त नको, तर सर्वांत महाग घ्यावे. भीती नको! पण तसेही नाही.

२००७ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत आणि कॅनडात अनेक कुत्री-मांजरे आजारी पडली. मूत्रपिंडे निकामी होऊन कित्येक मेली. तपास झाला. खाण्यात घातलेल्या गव्हाच्या चिकट सत्त्वात मेलामाइन नावाचे रसायन सापडले. ते घातले की तपासणीत प्रथिने जास्त दिसतात. म्हणजे दुधात पाणी घालण्याचाच प्रकार, पण विषारी. मेनू फूड्स या कंपनीला सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे बाजारातून परत बोलवावी लागली. त्यांवर कितीतरी निरनिराळी नावे होती. काही स्वस्त, काही भारी. पण माल मात्र त्याच कंपनीच्या कारखान्यांतून निघालेला!

म्हणून नुसत्या भावावर आणि चित्रावर भुलू नये. पाकिटावर सोन्याची अक्षरे आहेत, चांदीच्या ताटात मासा दाखवला आहे, याचे पैसे आपण का द्यावे? 'धान्यविरहित' असे लिहिले की भाव चढतो. पण तेवढ्याने खाणे सरस ठरत नाही. उलट काळीज, फुप्फुस असे अवयव घातले आहेत म्हणून नाक मुरडण्याचेही कारण नाही. मांजर उंदीर खाते तेव्हा ते काही निवडून खात नाही.

पाहायचे ते हे: 'पूर्ण' हा शब्द, घटकांच्या यादीत आधी मांस किंवा मासळी, बनवणाऱ्याचा पत्ता, आणि तारीख. पाकीट फुगलेले, गळके किंवा डबा चेपलेला नको.

पाणी वजा करा

आता हिशेबाकडे वळू. खरी मेख इथे आहे.

पाकिटावर 'मॉइश्चर' असा एक शब्द असतो. म्हणजे ओलावा, पाणी. त्यापुढे आकडा असतो. शंभरातून तो आकडा वजा करा. उरेल तो खरा ऐवज. पाणी मांजराला हवेच, पण पाणी आपल्या नळालाही येते. पैसे मोजायचे ते ऐवजाचे.

मावशींच्या पाकिटात ८० ग्रॅम माल. ओलावा शंभरात ८८. म्हणजे ऐवज शंभरात १२. ऐंशी ग्रॅममध्ये किती झाला? साडेनऊ ग्रॅमच्या वर थोडासा. भाव ३० रुपये. म्हणजे एक ग्रॅम ऐवज तीन रुपयांहून जास्त पडला.

दुकानात दुसरे एक पाकीट होते. तेही ८० ग्रॅमचे, पण ४५ रुपयांचे. त्यावर 'पूर्ण' असे लिहिलेले. ओलावा शंभरात ७८. ऐवज शंभरात २२. ऐंशी ग्रॅममध्ये साडेसतरा ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम ऐवज अडीच रुपयांच्या आसपास पडला.

मग स्वस्त कोणते? तीस रुपयांचे महाग, आणि पंचेचाळीस रुपयांचे स्वस्त! मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी रश्श्याचे पैसे मोजत होते."

आता मनीला रोज लागते किती? चार किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम ऐवज पुरतो. हा अंदाज आहे. फार फिरणाऱ्याला थोडा जास्त, शस्त्रक्रिया झालेल्याला किंवा लठ्ठ मांजराला थोडा कमी. मावशी देत होत्या दोन पाकिटे. त्यांत ऐवज एकोणीस ग्रॅम. गरज पंचावन्नची, पोटात जात होते एकोणीस! मनी वाळली यात नवल ते काय?

तीन वाटा

आम्ही फळ्यावर तीन हिशेब मांडले. दुकानातल्या कोरड्या दाण्यांचा भाव किलोला ४०० रुपये होता. त्यांत ऐवज शंभरात ९०. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल. पण रीत हीच.

पहिली वाट: सगळे ओले. पंचेचाळीस रुपयांची तीनच्या वर थोडी पाकिटे. रोजचे सुमारे १४० रुपये. महिन्याचे ४,२००. मावशींनी कानाला हात लावला.

दुसरी वाट: सगळे कोरडे. रोज ६१ ग्रॅम दाणे. सुमारे २४ रुपये. महिन्याचे ७२० रुपये. दाणे 'पूर्ण' असतील तर पोषणात उणे नाही. पण पाण्याची काळजी आपण घ्यायला हवी.

तिसरी वाट: थोडे ओले, बाकी कोरडे. रोज अर्धे पाकीट ओले आणि ५१ ग्रॅम दाणे. रोजचे ४३ रुपये. महिन्याचे १,२९० रुपये. यात पोट भरते, पोषण होते, आणि ओल्याची चवही राहते.

आता मागचा आकडा आठवा. मावशी आधी महिन्याला १,८०० रुपये घालत होत्या, आणि मांजर उपाशी होते. तिसऱ्या वाटेने पाचशे रुपये वाचतात आणि मांजर जेवते!

पाणी वाढवायचे तर त्याला पैसे पडत नाहीत. अर्ध्या पाकिटात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवावे. वासाने मांजर पुढे येते. पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून दूर ठेवावी आणि रोज धुवावी. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवले तर आणखी चांगले.

घरचे काय चालेल?

मावशींनी विचारले, "मग घरची मासळी, कोंबडी द्यायचीच नाही का?"

द्यायची, पण रीतीने. रोजच्या जेवणाचा दहावा हिस्सा घरचा चालतो. कोंबडीचा तुकडा बिनमिठाचा, बिनमसाल्याचा उकडावा. हाड काढावे. उकडलेले पाणी फेकू नये; टॉरीन पाण्यात उतरते. ते पाणी जेवणावर घालावे. मासळीही उकडून, काटे काढून द्यावी. काही कच्च्या माशांत असा एक पदार्थ असतो, की तो 'ब१' जीवनसत्त्वाचा नाश करतो. शिजवल्यावर तो पदार्थ निकामी होतो. खारवलेली सुकी मासळी नको, मीठ फार होते.

आमटीतला, कालवणातला तुकडा तर मुळीच नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला विष आहेत. तांबड्या पेशी फुटतात. मोठ्या मांजराला दूधही पुष्कळदा पचत नाही, जुलाब होतात.

नुसत्या घरच्या मांसावरही मांजर ठेवू नये. बिनहाडाच्या मांसात चुना जवळजवळ नसतो. त्यावर वाढवलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होऊन मोडतात. नुसते काळीज रोज दिले तर 'अ' जीवनसत्त्व अति होते आणि मानेची हाडे आखडतात. सगळे घरीच करायचे असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून माप लिहून घ्यावे.

उरलेले अर्धे पाकीट

अर्धे पाकीट वाटीत घातले. उरलेले अर्धे काय करायचे? झाकणाच्या डब्यात काढून शीतकपाटात ठेवावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावे. देताना कोमट करावे. शीतकपाट नसेल तर शेजारी डबा ठेवता येतो का पाहावे. नाहीतर लहान पाकीट घेऊन त्याच दिवशी दोन वेळांत संपवावे, आणि उन्हाळ्यात तेही करू नये. वाटीतले ओले खाणे तासाभरात उचलावे. आपल्याकडच्या उन्हात ते लवकर आंबते. मोठा डबा दराने स्वस्त पडतो. पण निम्मा फेकला तर तो महागच.

खाणे एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू नवे वाढवावे, जुने कमी करावे. "भूक लागली की खाईल," असे म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतते. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. आणखी एक. बोका लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तिथे उशीर म्हणजे मरण.

पुढे काय झाले?

मावशींनी आधी मनीला डॉक्टरांना दाखवले. वाळलेल्या जनावराला आजार तर नाही ना, हे पाहणे आधी. डॉक्टरांनी डोळे, छाती तपासली. महिनाच झाला होता, म्हणून निभावले. हेच वर्ष-दोन वर्षे चालले असते तर डोळे गेले असते, असे ते म्हणाले.

मावशींनी तिसरी वाट धरली. दाण्यांसाठी एक लहान वाटी ठरवली. वाण्याकडे जाऊन त्या वाटीत किती ग्रॅम मावतात ते तोलून घेतले. रोजचा खर्च त्या वहीत लिहू लागल्या. महिनाअखेर त्यांनी ती वही मालकांपुढे ठेवली. मालकांनी बेरीज दोनदा केली. मग म्हणाले, "वही छान ठेवली आहेस. आता घरखर्चाचीही ठेव."

मनी घरातच आहे. बरगड्या आता हाताला लागत नाहीत.

लक्षात ठेवा

१. पाकिटावर आधी 'पूर्ण' हा शब्द पाहा. सातवे अक्षर तपासा.
२. पाकिटाचा भाव पाहू नका. पाणी वजा करून ऐवजाचा भाव काढा.
३. थोडे ओले, बाकी कोरडे, आणि वरून पाणी: ही मधली वाट पुष्कळ घरांना परवडते.
४. कांदा, लसूण, मीठ-मसाला मांजराला देऊ नका.
५. पंधरा दिवसांनी मांजराला उचलून पाहा. वाळते की लठ्ठ होते, ते पाहून माप बदला.

हिशेब करा

एका पाकिटात १०० ग्रॅम माल आहे. ओलावा शंभरात ८०. भाव ५० रुपये. एक ग्रॅम ऐवज कितीला पडला? ते पाकीट मावशींच्या पहिल्या पाकिटाहून स्वस्त की महाग?